कडी वाजवून थांबावं

चार वाजायला आले की चतुराबाई फोन पुसायला घ्यायची. पदराच्या टोकानं आधी काच, मग पाठ, मग कडा. पुसून झाला की खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं रेंज बराबर येते तिथं, तो नैवेद्याच्या ताटासारखा मांडायची आणि स्वतः त्याच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसायची. वाजला म्हणून लगेच उचलायचा नाही. तीनदा वाजू द्यायचा. आपण काही त्याच्यासाठी बसून राहिलो नव्हतो, हे पलीकडच्याला कळलं पाहिजे.

पलीकडं तिची सून असायची, तृप्ती.

घनसावंगीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत चतुराबाई एकटी राहायची. नवरा पुंजाराम जाऊन सहा वर्षं झालेली, शेत तातेरावाकडं बटईनं, एकुलता एक अंगद पुण्यात. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढं नळ, मागं कढीपत्त्याचं झाड. झाडून, पुसून, खाऊन, धुऊन होईपर्यंत अकरा वाजायचे आणि मग पुढचा दिवस तोंड वासून बसलेला असायचा. गल्लीत माणसं नव्हती असं नाही. पण आलेल्या माणसाला ती असं काही बोलायची की पुढच्या वेळी ते रस्त्यावरूनच हात करून निघून जायचं. एका उषाबाईचंच कातडं जाड होतं. तीही भिंतीपलीकडूनच बोलायची, भिंत ओलांडायची नाही.

तृप्तीनं पहिल्यांदा फोन केला तेव्हा चतुराबाईनं हातातलं ताट बाजूला सारलं. सून दीड वर्षात बोलली नव्हती. अंगद महिन्यातून एकदा बोलायचा, तेही गोळ्या घेतल्या का एवढंच. आपण होऊन फोन लावायचा नाही हा चतुराबाईचा कायदा होता. फोन करायचा तो पोरांनी.

"कोण वारलं?" तिनं उचलल्याबरोबर विचारलं.

"कोणी नाही, आत्याबाई. तुमच्याकडं काम होतं."

"माझ्याकडं? तुमच्या पुण्यातले माणसं सरले का?"

तृप्ती परतूरच्या मास्तरची पोरगी. तोंडानं मऊ, पण मागं हटणारी नव्हती. तिनं सगळं नीट सांगितलं. तिच्या कंपनीनं एक टूल बनवलं होतं. ते माणसांसाठी नव्हतं, फोनमधल्या मदतनिसांसाठी होतं. त्यांना एजंट म्हणतात. आपण त्याला काम सांगायचं, तो आपलं आपण करून येतो. या टूलमधून तो लोकांच्या पोस्ट बघून येणार: गावात कोणी काय टाकलं, कधी टाकलं, कोणाचा फोटो आला.

"पण ते टूल कधी वापरायचं, कसं वापरायचं, हातात काय आलं म्हणजे काय समजायचं, हे त्याला लिहून द्यावं लागतं. ते लिहायचं काम माझं आहे."

"म्हंजे तू लिहिती ते वाचणार मशीन?"

"हो. माणूस कोणी वाचत नाही."

"मंग लिही की. शिकलेली हायेस."

"लिहिलंय. पण गावाकडचं माणूस विचारतं तेव्हा तो काय घोळ घालतो, ते मला इथं बसून दिसत नाही. जालन्याची एक मुलगी दिली होती तपासायला. ती सगळ्यालाच छान आहे म्हणते. मला चुका काढणारं माणूस पाहिजे. आणि त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."

"सासूला टोमणा मारून राह्यली का गं?"

"हो. काम करणार का?"

एरवी चतुराबाईनं फोन ठेवला असता. त्या दिवशी ठेवला नाही. "दुपारी न्हाई जमणार," ती म्हणाली, "चार वाजता कर." दुपारी तिला काय काम होतं ते देवालाच ठाऊक.

तसं रोज चार वाजताचं सुरू झालं. तृप्तीनं तिच्या फोनमध्ये तो मदतनीस बसवून दिला. चतुराबाई त्याला गडी म्हणायची. दिवसभर गड्याला विचारायचं, तो काय सांगतो ते ऐकायचं, चुकलं की लक्षात ठेवायचं आणि चारला सुनेला सांगायचं. शाळा तिची दुसरीपर्यंतच झालेली. अक्षर लावून लावून वाचायची, लिहिताना हात आखडायचा. म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करायची. पहिल्याच आठवड्यात मंगळवारच्या चौकोनात तिनं एक हार काढला, आणि तो का काढला ते साऱ्या गल्लीला माहीत झालं.

त्या मंगळवारी सकाळी तिनं गड्याला विचारलं, "गावात काय चाललंय?"

गडी म्हणाला, "शिवाजी यांचा हार घातलेला फोटो आहे. चौऱ्याहत्तर लोकांनी खाली हात जोडले आहेत. त्यांचं निधन झालेलं दिसतं."

शिवाजी म्हणजे पलीकडच्या आळीतला, चाळीशीचा धडधाकट माणूस. चतुराबाईनं पुढचं मागचं काही बघितलं नाही. मरण झालेल्या घरात चूल पेटत नाही. तिथं शेजारपाजारच्यांनी भाकरी न्यायची असते, आणि पहिली भाकरी आपली गेली पाहिजे हा तिचा जुना हट्ट. तिनं पिठलं टाकलं, सहा भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली मान घालून निघाली. दारात गर्दी नव्हती, रडं नव्हतं. तिला वाटलं, दवाखान्यातून अजून आणला नसेल. तिनं हळूच दार लोटलं तर समोर शिवाजी. कपाळभर गुलाल, हातात पेढ्याचा बॉक्स. काल सोसायटीचा चेअरमन झाला होता.

"या काकू! पेढा घ्या."

चतुराबाई त्याच्याकडं खालून वर बघत राहिली.

"हायेस व्हय तू?"

"म्हंजे?"

"काही न्हाई. पिठलं आणलंय. पेढे खाऊन तोंड आलं असंल तुझं."

पेढा तोंडात टाकून ती आली तशी ताठ मानेनं परत गेली. पण उषाबाईनं भिंतीवरून भाकरीचं फडकंही बघितलं होतं आणि चेहराही, आणि तिला दोन अन् दोन चार करायला वेळ लागला नाही.

चारला फोन आला तेव्हा चतुराबाईनं तीनदा वाजू दिला नाही.

"तुझा गडी हाय का गाढव? हार दिसला की मेला? मंग बोहल्यावरचे नवरदेव काय सगळे मढे हायेत? जित्या माणसाच्या घरी सुतकाच्या भाकरी घेऊन गेल्ते मी!"

पलीकडून हसू आलं. दाबलेलं, मग न दाबता आलेलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सुनेचं हसू चतुराबाईनं पहिल्यांदा कानात घेतलं. तिला वाटलं, ओरडावं. ओरडली नाही.

"मग त्याला कसं सांगू, आत्याबाई? तुम्ही असता तर कसं सांगितलं असतं?"

"मी?" चतुराबाईनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. "मी सांगावे धाडलेत, बाई. तुझ्या सासऱ्याला इचारायचं होतं."

आणि तिनं सांगितलं. फोन नव्हते तेव्हाची गोष्ट. भावकीत मरण असो की लग्नाची तारीख धरलेली असो, बाहेरगावी सांगावा घेऊन गडी सायकलीवर जायचा, आणि त्याला काय बोलायचं ते पढवायचं काम चतुराबाईचं. उंबऱ्याच्या बाहेर त्याला उभं करायचं. कोणाच्या घरी जायचं, तिथं कोणापाशी बोलायचं, पोरासोरांजवळ तोंड उघडायचं नाही. बाई घरात एकटी असली तर आधी शेजारीण बोलावून आणायची, मग सांगायचं. मरणाचा सांगावा असला तर तिथलं पाणी प्यायचं नाही. माघारी आल्यावर ते जे बोलले तेच सांगायचं, तुला काय वाटलं ते नाही. आणि एवढं झाल्यावर म्हणायचं, आता बोलून दाखव. दोनदा बोलून दाखवल्याशिवाय सायकल हलायची नाही. अंबडपासून परतूरपर्यंतच्या सोयऱ्यांत म्हणायचे, चतुराबाईचा सांगावा असला तर परत विचारायची गरज नाही.

तृप्तीकडून टकटक टकटक ऐकू येत होतं.

"हळू सांगा, आत्याबाई. लिहून घेतेय."

"हे बी लिहिती?"

"हेच लिहिते. ऐका. 'फोटोत हार दिसला तर मृत्यू समजू नये. सोबतचा मजकूर वाचावा. मजकूर नसेल तर कळत नाही असं सांगावं.' बराबर?"

"कळत न्हाई म्हणायची लाज वाटून घेऊ नको, हे टाक त्याच्यात. गड्यांना त्याचीच लाज असती."

तृप्तीनं तेही टाकलं. त्या दिवशी फोन अठ्ठावीस मिनिटं चालला. चतुराबाईनं ते आकडे काचेवर एकेक करून वाचले आणि मग स्वतःलाच म्हणाली, "काय वाचून राह्यली येडी."

तिथून पुढं तिचे दिवस भरायला लागले. सकाळी अंघोळ करून ती गड्याला कामाला लावायची. गड्यानं दोन वर्षांपूर्वीचा पावसाचा फोटो आजचा म्हणून सांगितला. तिनं कॅलेंडरवर ढग काढला. एकच बातमी सात जणांनी पुढं ढकलली तर गडी म्हणाला सात ठिकाणी चोऱ्या झाल्या. तिनं सात टिंबं काढली. तातेरावाच्या पोरीचा साखरपुडा मोडल्याचं कोणीतरी टाकलं आणि गड्यानं ते मोठ्यानं ओट्यावर बायका बसलेल्या असताना सांगितलं. तिनं एक तोंड काढून त्याच्यावर फुली मारली. चारला एकेक खूण सुनेपुढं ठेवायची. तृप्ती लिहायची, वाचून दाखवायची, सासू नाक मुरडायची, तृप्ती परत लिहायची. मधेमधे कामाबाहेरचं काहीतरी निसटायचं. तिथं थंडी पडली का. कढीपत्ता असा आला की झाड दिसत नाही. तुमच्या हातचं वरण अंगदला आठवतं. हे शेवटचं तृप्ती बोलून गेली आणि दोघीही लगेच हाराफुलांवर परत आल्या.

पण तृप्तीचा सूचनांचा कागद सुधारत चालला तसा गडी शहाणा होत चालला, आणि गडी शहाणा होत चालला तसं चतुराबाईच्या हाती चारला सांगण्यासारखं काही उरेना. तिसऱ्या आठवड्यात सोमवारचा चौकोन कोरा राहिला. मंगळवारचाही. जुना फोटो आला की गडी तारीख सांगायचा. बायका बसल्या असल्या तर म्हणायचा, एकट्यानं ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे, नंतर सांगू का? चतुराबाईनं त्याला वाकडे प्रश्न विचारले, अर्धे विचारले, गडबडीत विचारले. तो चुकेना. चुका नसल्या की फोन पाच मिनिटांत संपायचा.

बुधवारी ती खोटं बोलली.

"तुझा गडी उषाबाईचं चुकीचं सांगून राह्यला. तिनं टाकलं होतं पापडाचं, यानं सांगितलं लोणचं."

टकटक झाली. मग तृप्तीचा आवाज आला, जपून काढलेला. "आत्याबाई, इथं नोंद दिसते मला. त्यानं पापडच सांगितलंय."

चतुराबाईच्या कानशिलावर ऊन लागल्यासारखं झालं.

"मंग माझ्याच कानात चुकलं असंल."

"असेल," तृप्ती म्हणाली. "शुक्रवारी हा कागद बंद होतोय. पूर्ण झाला म्हणून पुढं पाठवायचा."

"झालं तं बरंच झालं," चतुराबाई म्हणाली. "माझी बी कामं पडून राह्यलीत."

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. खोटं बोलले म्हणून नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं, वांगं कडू निघालं म्हणून.

गुरुवारी तिनं गड्याला तो प्रश्न विचारला, जो ती तीन आठवडे विचारत नव्हती.

अंगदनं पुण्यात घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीचं निमंत्रण फोनवर आलं होतं. "आई, रविवारी वास्तुशांती, गाडी पाठवतो, ये." बस, एवढंच. चतुराबाईच्या घराण्यात निमंत्रण अक्षत घेऊन, दारात येऊन द्यायचं असतं, सख्ख्या आईलाही. जिनं जन्मभर दुसऱ्यांचे सांगावे रीतीनं धाडले तिला पोटचं पोरगं फोनवर बोलावतं, हे तिच्या घशाखाली उतरलं नाही. ती गेली नाही. गाडी आली ती रिकामी परत धाडली. सोमवारी अंगदनं फोटो टाकले, पूजेला बसलेले दोघं, शेजारी तृप्तीची आई नव्या लुगड्यात. चतुराबाईनं फोनमध्ये बोलून त्याच्याखाली लिहिलं: सगळे पाहुणे दिसून राह्यले, घरची एकच न्हाई, आता विहिणबाईलाच आई करून घ्या. तिला वाटलं, हे अंगदला गेलं. ते त्याच्या हापिसातल्या सगळ्यांनी वाचलं. तृप्तीच्या आईनंही वाचलं. रात्री अंगदचा फोन आला. ओरडला नाही, तेच वाईट. "आई, तू बोलली ते बोलली. पण चारचौघांत बोलली," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याचं काही दिसलं नाही. चतुराबाईनं गल्लीत सांगून टाकलं, माझा अंगद कामाचा माणूस आहे, त्याला असले रिकामे धंदे सुचत नाहीत.

"अंगदनं काय टाकलं?" तिनं गड्याला विचारलं.

"अंगद यांनी काहीही टाकलेलं नाही."

"कधीपासून न्हाई?"

"मला काहीही मिळालं नाही."

ती त्या उत्तराकडं बराच वेळ बघत बसली, जणू ते कट्ट्यावर ठेवलं होतं. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, खिडकी हादरली. मग तिच्यातली जुनी सांगावे धाडणारी बाई उठून बसली. चूक सापडली होती. खरी.

चारला पहिल्या घंटीला तिनं फोन उचलला.

"तृप्ती, सापडली. मोठी हाय. तुझ्या गड्याला इचारलं अंगदनं काय टाकलं, तं म्हणतो काही न्हाई. आता मला सांग, न्हाई म्हंजे कसं न्हाई? मी गडी धाडला, तो माघारी येऊन म्हणला, तिथं कोणी बोललं न्हाई. मी काय इचारायचे त्याला? बाहेरून कुलूप होतं का आतून कडी होती? कुलूप असलं तं माणसं गावाला गेलेत. आतून कडी असली तं माणसं घरात हायेत, उघडून न्हाई राह्यले. दोन्ही एक कसं होईल गं?"

टकटक थांबली होती.

"हॅलो? गेली का?"

"आहे," तृप्ती म्हणाली. "बराबर आहे, आत्याबाई. टूल दोन्हीला एकच उत्तर देतं, रिकामी यादी. माणसानं काही टाकलं नसलं तरी तेच, आणि आपल्याला बंद केलेलं असलं तरी तेच. आत खूण असते वेगळी, पण ती बघायची हे मी लिहिलंच नाही. म्हणून एजंट 'काही नाही' म्हणतो."

"मंग लिही."

"लिहिलं तर उद्यापासून तो तुम्हाला खरं सांगेल."

चतुराबाईच्या चिमटीत तांदळातला खडा होता. तो तिनं टाकला नाही, धरून ठेवला. एवढ्या वर्षांत हजार सांगावे धाडले, पण कोणी तिला असं हळू, शेजारीण बोलावून आणल्यासारखं काही सांगितलं नव्हतं.

"कधीपासून हाय कडी?"

"वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासून."

"फोटो टाकतो तो?"

"टाकतो. दिवाळीचे टाकले. गच्चीवरच्या झाडांचे टाकतो."

"झाडं लावलीत?"

"कढीपत्ता लावलाय."

उषाबाईकडं मिक्सर सुरू झाला आणि बंद झाला.

"आत्याबाई," तृप्ती म्हणाली, "हे मी सोडून देऊ का? उद्या कागद बंद होतोय. कोणाच्या लक्षात येणार नाही. तो आपला 'काही नाही' म्हणत राहील."

चतुराबाईला मोह झाला नाही असं नाही. 'काही नाही' हे चांगलं उत्तर होतं. त्याच्यावर दीड वर्ष निघालं होतं, आणखी दहा निघाली असती. गल्लीत मान ताठ, माझा अंगद कामाचा माणूस. पण कालचं पापड-लोणचं तिच्या जिभेवर अजून होतं. एकदा खोटं बोलून बघितलं होतं, ते पचलं नव्हतं.

"माझ्या उंबऱ्यावरून खोटा सांगावा गेला न्हाई," ती म्हणाली. "काल एक गेला, त्याची मला लाज हाय. लिही."

टकटक सुरू झाली, हळू.

"आन पुढचं बी लिही. दार बंद हाय एवढं सांगायला माघारी यायचं असलं तं गडी धाडायचाच कशाला? धन्याला आधी इचारावं. धनी हो म्हणला तं कडी वाजवावी. एकदाच. वाजवून थांबावं. धक्के द्यायचे न्हाईत. भिंतीवरून डोकायचं न्हाई. शेजाऱ्यापाजाऱ्याला इचारून आतलं काढायचं न्हाई."

"किती वेळ थांबावं?"

"आतल्याला उठायला लागतो तेवढा."

"मशीनला आकडा लागतो, आत्याबाई."

"मंग तुझ्या मनानं टाक आकडा. मला न्हाई माहीत." आणि खरंच तिला माहीत नव्हतं.

तृप्तीनं सगळं वाचून दाखवलं. चतुराबाईला एकही चूक काढता आली नाही.

"आत्याबाई," तृप्ती म्हणाली, "काम तर संपलं. उद्या मी असाच फोन केला तर?"

"असाच कशाला?" चतुराबाई म्हणाली. "काम असलं तं कर."

ते तोंडातून गेलं. जन्मभर असंच गेलं होतं, आधी तोंडातून आणि मग मनातून. तिला ते परत ओढून घ्यायचं होतं, पण तसली रीत तिला ठाऊक नव्हती. पलीकडून "बरं, आत्याबाई. गोळ्या घ्या," असं ऐकू आलं, आणि काचेवर आकडे थांबले. एक्केचाळीस मिनिटं.

शुक्रवारी चार वाजता तिनं फोन पुसला नाही. आज कशाचा येतोय. पण साडेचारला पुसला. शनिवारी सकाळीच पुसला. रविवारी तृप्तीला सुट्टी असते, त्यामुळं रविवारचं तिला काही वाटलं नाही, असं ती मानत होती. कॅलेंडरवर हार, ढग, टिंबं, फुली मारलेलं तोंड, आणि मग रिकामे चौकोन. हातातलं ताट घेऊन ती तशीच बसायची. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चार ओलांडून जायचा, जसा जीप स्टँडवर न थांबता पुढं जाते.

सोमवारी उषाबाईनं भिंतीवरून विचारलं, "चतुरे, सुनेचा फोन बंद झाला का गं?"

"कामं असतात तिला. रिकामी हाय का ती, तुझ्यासारखी?"

"मी बापडी काय म्हणले?" उषाबाई म्हणाली आणि भिंतीखाली गेली. चतुराबाईला वाटलं, आता तरी तिनं भिंत ओलांडून यावं. ती आली नाही. कोणी यावं असं आपण कधी बोललोच नाही, हे तिला त्या क्षणी असं दिसलं जसं पाटावरचं ताट दिसतं.

ती आत आली. फोन हातात घेतला.

"अंगदनं काय टाकलं?"

गडी म्हणाला, "अंगद यांचं दार तुमच्यासाठी बंद आहे. आत काय आहे ते मला दिसत नाही, आणि मी शोधणार नाही. तुम्ही सांगितलं तर एकदा विनंती पाठवतो आणि थांबतो."

तिचेच शब्द होते. कुठल्या कुठं जाऊन, कपडे बदलून, तिच्याच दारात येऊन उभे राहिले होते. तिला राग यायला पाहिजे होता. आला नाही. आठवला तो अंगदचा वास्तुशांतीच्या निमंत्रणाचा फोन. अक्षत नव्हती, बरोबर. रीत नव्हती, बरोबर. पण कडी वाजली होती. आणि आतल्या बाईनं, घरात असून, आवाज दिला नव्हता.

"वाजव," ती म्हणाली.

"सोबत काही लिहू का?"

तिला खूप सुचलं. कढीपत्त्याला ताक घाल म्हणावं. विहिणबाईला नमस्कार सांग म्हणावं. गाडी परत धाडली तेव्हा मी खिडकीतून बघत होते म्हणावं. यातलं सगळंच काम होतं, आणि काम असलं तरच फोन करायचा, हा कायदा तिनंच सुनेला घातला होता.

"लिही, आई आल्ती. काम काही न्हाई."

"'आई आली होती. काम काही नाही.' असं पाठवू?"

"मी बोलले तसंच सांग. तुझ्या तोंडचं नको."

गड्यानं परत बोलून दाखवलं, तिच्या शब्दांत. तिनं दुसऱ्यांदा बोलायला लावलं. मग म्हणाली, "जा."

फोन तिनं कट्ट्यावर ठेवला. चार वाजून गेले होते. तांदूळ सकाळीच निवडून झाले होते, एक खडा उरला नव्हता. तरी तिनं ते डब्यातून ताटात ओतले, बोटांनी पसरले आणि निवडायला बसली. फक्त आज ती फोनकडं पाठ करून बसली नाही.